‘शुगर हा आजारच नाही’: त्या मेसेजला इंदुरातून उत्तर

इंदुरातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सुदामा नगरातून रामबागेत, रामबागेतून पुण्याच्या नातेवाइकांकडे आणि तिथून हात जोडलेल्या स्मायलींसकट पुन्हा आपल्याकडेच. त्यात म्हटलंय ते असं: १९९७ साली औषध कंपन्यांनी शुगरची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली आणि एका रात्रीत कोट्यवधी धडधाकट माणसं पेशंट झाली. गोळ्यांनी किडनी जाते. साखर सोडून गूळ खा, काही होत नाही. जांभूळ-मेथी-कारल्याच्या चूर्णाने शुगर मुळापासून जाते. बारीक माणसाला हा त्रास होतच नाही. इन्सुलिनची एकदा सवय लागली की सुटत नाही.

एरवी असल्या मेसेजांवर मी बोट फिरवून पुढे जाते. पण हा वाचून गोळी बंद केलेली माणसं ओळखीतच निघाली, म्हणून लिहितेय.

आधी १२६ चं बघू, कारण यात थोडं खरं आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं सगळं खपतंय. उपाशीपोटीची मर्यादा १९९७ मध्ये १२६ वर आली, हे खरं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने ती आणली आणि १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केली. पण का? डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कुठल्या आकड्यापासून खराब व्हायला लागतात, याची वेगवेगळ्या लोकसमूहांतली माहिती समितीपुढे होती. ते नुकसान १४० च्या बरंच अलीकडे सुरू होत होतं. दुसरं असं, की ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी २०० ची मर्यादा आधीपासूनच होती. ती ओलांडणाऱ्या कित्येकांची उपाशीपोटीची शुगर १४० च्या आत यायची, म्हणजे एका तपासणीत पेशंट आणि दुसरीत ठणठणीत. तो मेळ १२६ ने बसला.

आता धंद्याचं. औषध कंपन्या धर्मादाय संस्था नाहीत, आणि नवनवीन महागड्या औषधांबद्दल डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. पण बहुतेकांना जी गोळी पहिली लिहून देतात ती मेटफॉर्मिन १९५७ पासून वापरात आहे. तिच्यावर कुणाची मक्तेदारी नाही, जनऔषधीच्या दुकानात ती अगदी स्वस्त मिळते. आणि उपाशीपोटी १०० ते १२५ च्या पट्ट्यात आलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो चालायचा आणि वजन उतरवायचा. यात कंपनीला काय मिळणार, कपाळ?

किडनीचं तर पार उलटं आहे. किडनी निकामी होण्याच्या मोठ्या कारणांत वर्षानुवर्षं चढी राहिलेली शुगरच आहे. मेटफॉर्मिन शरीराबाहेर पडते किडनीतून. म्हणून किडनी आधीच थकलेली असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, फारच थकली तर गोळी थांबवतात. लोकांना एवढंच दिसतं, की किडनी बिघडली आणि गोळी बंद केली. मग दोष गोळीवर.

गुळाबद्दल फार बोलायलाच नको. गुळातही मुख्यतः साखरच असते, खनिजं चिमूटभर. चहात गूळ घातला म्हणून रक्ताला फरक कळत नाही. संक्रांतीला तिळगूळ खा, गोड बोला, पण तो औषध म्हणून खाऊ नका.

चूर्णाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. मेथीत भरपूर तंतू असतात, त्याने शुगर चढायचा वेग जरा मंदावतो. मेटफॉर्मिनचा शोधही एका वनस्पतीवरून लागला. वनस्पतीत गुण असतात, पण ते किती आणि कुणाला, हे तपासलेलं असावं लागतं. शुगर कमी करणाऱ्या ‘हर्बल’ चूर्णांत ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातल्याचे प्रकार तपासण्यांत उघड झालेत. डब्यावर कंपनीचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, आणि आठवड्यात आकडा धाडकन उतरला, तर खूश होण्याआधी शंका घ्या.

‘मुळापासून जाते’ यातही एक कण खरा आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या स्थूल लोकांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेरीस ४६ टक्क्यांची शुगर गोळीशिवाय आटोक्यात होती, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांची. ते झालं वजन उतरल्यामुळे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वजन परत चढलं की शुगरही परत येते.

मला सर्वांत जास्त राग येतो तो ‘बारीक माणसाला होत नाही’ या वाक्याचा, कारण ते आपल्याच लोकांना सर्वांत जास्त गोत्यात आणतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं त्यांनी व सहकाऱ्यांनी मोजली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५. आपल्या बाळांत स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र वजनाच्या मानाने टिकून. वरून बारीक, आतून चरबीदार. म्हणून आपल्याकडे नुसता वजनकाटा बघून भागत नाही, टेप घ्यावी लागते. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. टेप बेंबीच्या पातळीवर धरायची, पोट आत न ओढता. (सगळे ओढतात.) हातपाय काडीसारखे आणि शर्टाचं मधलं बटण ताणलेलं, असे काका आपल्या प्रत्येक गणेशोत्सवात दिसतात. ‘मी कुठे जाडा आहे’ म्हणत तेच तपासणी टाळतात.

आणि आपलं इंदूर! सकाळी पार्कात चार फेऱ्या मारायच्या आणि घरी जाताना पोहे-जलेबी. पोह्यावर मूठभर शेव, जीरावन मसाला, शेजारी पाकात निथळणारी जलेबी, गप्पा रंगल्या तर दुसरी प्लेट. रात्री पाहुणे आले की सराफ्यातला खाऊबाजार, तोही जेवण झाल्यावर. मी यातलं काही सोडा म्हणत नाहीये, मला स्वतःला उसळ-पोह्यांशिवाय रविवार वाटत नाही. पण चार फेऱ्यांत जाळलेलं त्या एका प्लेटीत व्याजासकट परत येतं, हा हिशोब तरी मनाशी असावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही १०.१ कोटी आणि उंबरठ्यावरचे, म्हणजे शुगर वाढलेली पण अजून मधुमेह न झालेले, १३.६ कोटी आहेत. या उंबरठ्यावरच्यांसाठी तो मेसेज सर्वांत वाईट, कारण त्यांचं अजून बरंच काही वाचू शकतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात अशांपैकी नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. रोज भरभर चालणं आणि खाण्यातली साखर-तेल कमी करणं, याचा ज्यांच्यामागे लकडा लावला त्यांच्यात ३९ टक्क्यांना.

राहिलं इन्सुलिन. टाइप वन मधुमेह झालेल्या मुलाच्या शरीरात ते तयारच होत नाही. १९२२ मध्ये टोरांटोत पहिलं इंजेक्शन दिलं जाईपर्यंत अशी मुलं वाचत नसत. त्याला ‘सवय’ म्हणणं म्हणजे श्वासाला व्यसन म्हणणं झालं. अशा मुलाचं इन्सुलिन मेसेज वाचून कुणी बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेतेल, आणि मेसेजमध्ये हा फरक एका अक्षरानेही सांगितलेला नाही.

तीस वर्षांपुढच्यांची शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. ज्यांनी गोळी सोडलीय त्यांनी याच आठवड्यात उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी) तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना तो चूर्णाचा डबाही पिशवीत टाका.