वीस डिग्रीचं पाणी

ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुवायचा असला की औषधाचं पाणी 20 डिग्री पाहिजे, असं सगळीकडे ठळक लिहिलेलं असते. लिहिणारा माणूस मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात कधी राहिलेला नसावा. त्या दिवशी आमच्या गावात सावलीत 45 होतं आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मी मोजलं तर 43 निघालं, म्हणजे भांडे घासायला उत्तम, तूर भिजत घालायला उत्तम, फोटो धुवायला काही कामाचं नाही. सरकारने 1960 साली फिल्म बनवणारी कंपनी काढली, हिंदुस्थान फोटो फिल्म्स, तर कारखाना नेऊन ठेवला उटीला. समजदार लोकं होते. मी इकडे मोरीत पाटावर बसून बादलीत थर्मामीटर बुडवत होतो. तेही दुसरं थर्मामीटर, कारण पहिलं घेतलं ते घरातलं तापाचं होतं आणि ते सुरूच 35 पासून होते. मग शाळेच्या विज्ञान पेटीतलं आणलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, सुट्ट्या लागल्या होत्या, पेटी तशीही कपाटातच असते.

हा नाद लागला बाबांच्या अग्फा क्लिक थ्रीमुळे. बडोद्याला बनायचा तो डबा, एका जमान्यात गावात ज्याच्याकडे कॅमेरा असेल त्याच्याकडे बहुतेक हाच. 120 चा रोल, 12 चौकोनी फोटो, ऊन आहे की ढग आहे एवढं त्याला सांगायचं आणि खटका दाबायचा. रोल पुढे सरकवायचा तर मागच्या लाल खिडकीत नंबर पाहत पाहत फिरवावा लागते आणि फिरवायचा विसरला की एका फोटोवर दुसरा फोटो. माझ्या जावळाच्या फोटोत मामाच्या मांडीवर मी आहे आणि आम्हा दोघांच्या आरपार पोळ्याचा बैल उभा आहे, झूल बिल घालून. घरचे लोक सांगतात की तो अख्ख्या अल्बममधला सगळ्यात चांगला फोटो आहे, बैलामुळे.

एक कॅमेरा असला की वारसा म्हणतात, दोन झाले की नाद आणि तीन झाले की बायको माहेरी फोन लावते. दुसरा होता याशिका इलेक्ट्रो 35. त्याला 5.6 व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही आणि बॅटरी नसली की हा गडी एकाच स्पीडवर चालते, 1/500 सेकंद. म्हटलं चालते ना, आमच्या उन्हाला दुसरा स्पीड लागतोच कुठे, पण एक दिवस ओसरीत फोटो काढला आणि नुसता अंधार निघाला. तिसरा झेनिट-ई. हा मला नागपूरला एका जुन्या सामानवाल्याकडे दिसला, पितळी दिवे आणि बंद पडलेले रेडिओ यांच्या मधात. मेड इन यूएसएसआर. तो देश 1991 ला गेला पण हा किलोभराचा लोखंडी ठोकळा अजून खट् करून चालते. खट् म्हणजे कसं, तर कोठीचं झाकण हातातून सुटावं तसं. बॅटरी नावाची वस्तू त्यात नाहीच. वरचं मीटर सेलेनियमचं आहे, उजेड पडला की स्वतःच करंट तयार करते, फक्त माझ्यावाल्यातलं सेलेनियम म्हातारं होऊन गेलं आणि सुई बसलेल्या म्हशीसारखी एका जागी. दुकानदाराला म्हटलं मीटर मेलेलं आहे. तो म्हणाला, "साहेब, मीटर मेलं तर मेलं, याने माणूस मारता येते."

घरी आल्यावर बायकोने तीन अटी घातल्या. पगारातले पैसे नाही, स्वयंपाकघरातलं एकही भांडं नाही, आणि पाहुण्यांसमोर या विषयावर तोंड उघडायचं नाही. मला एकदम बापू आठवले. सेवाग्राम आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. तिथे बापूंनी आपल्या नात्यातल्या कनू गांधींना फोटो काढायची परवानगी दिली तीसुद्धा तीन अटींवरच, फ्लॅश मारायचा नाही, कोणाला असे बसा तसे बसा म्हणायचं नाही आणि आश्रम एक पैसा देणार नाही. पैशाची सोय घनश्यामदास बिर्लांनी केली, 100 रुपये दिले, त्यात रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आला. हे सगळं मी बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग शोधा बिर्ला."

बिर्ला काही भेटले नाही. ट्यूशनच्या पैशातून रोल आला, आणि पहिला रोल घातला तो चुलतभावाच्या साक्षगंधात. मीटर मेलेलं असलं तरी अडत नाही, कडक उन्हात भिंगाचं भोक 16 वर ठेवायचं आणि रोलच्या डबीवर जो आकडा असेल तितका स्पीड, 400 चा रोल तर 1/400 सेकंदाच्या जवळपास. झेनिटचं सगळ्यात बारीक भोक 16 आणि सगळ्यात फास्ट स्पीड 500, म्हणजे आमच्या उन्हात हा कॅमेरा कायम टॉप गिअरमध्येच. मी घामाघूम होऊन फोटो काढत होतो आणि प्रत्येक फोटोनंतर कोणीतरी मागून येऊन म्हणे, दाखवा. दाखवायला काय आहे? मागे नुसतं काळं कातडं. एका पोट्ट्याने त्या कातड्यावर दोन बोटं ठेवून झूम करून पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं जसं आपण एसटी स्टँडवर झोपलेल्या माणसाकडे पाहतो.

आकडा 36 वर गेला. मग 37. मग 39. मला वाटलं बोनस मिळून राहिला. झेनिटचा आकडा रोल घालताना आपणच हाताने फिरवून लावायचा असतो, म्हणून म्हटलं माझीच चूक असेल, पण 43 झाले तरी हँडल मस्त लोण्यासारखं फिरतच होतं तेव्हा पोटात गोळा आला. रात्री उघडून पाहिलं तर रोलची शेपूट रिळातून निसटलेली, आणि बाकी रोल दुकानातून आणला तसाच्या तसा डबीत. एक इंच पुढे गेला नव्हता. अंगठी घालतानाचा, दोन्ही व्याह्यांचा, नवरीच्या आत्याला चार वेळा परत उभं करून काढलेला, एकही फोटो कुठेच नाही. डाव्या बाजूचा गोल खटका हँडलसोबत फिरला पाहिजे, नाही फिरला तर रोल सरकून नाही राहिला, एवढं साधं आहे हो ते. मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी सांगितलं, रोल नागपूरला धुवायला टाकला. दीड महिना तो नागपूरलाच होता.

लग्नात मात्र मी नवरदेवाकडे कमी आणि त्या डाव्या खटक्याकडे जास्त पाहत होतो. फिरत होता. हळदीच्या दिवशी आजी दाराच्या चौकटीत बसली होती, पाय पसरून, लुगड्याचा पदर डोक्यावरून घसरलेला, पांढरे केस मोकळे, मांडीवर चंची. उजेड बाजूने येत होता. मी धावत कॅमेरा आणला. आता झेनिटच्या या हेलिओस भिंगाचं असं आहे की फोकस करताना एक कडं उघडं करायचं, मग तेच कडं बंद करायचं, मग खट्. उघडं केलं की ती हलायची, फोकस केला की ती सुपारी कातरायला वाकायची, आणि सगळं जमलं की मी कडं बंद करायचाच विसरायचो.

"काय करून रायला रे बाबू?"

"फोटो काढतो आजी. हलू नको."

"कालपासून काढून रायला! तुह्या डब्ब्याचं होयेपर्यंत मी मसनात पोचन."

खट्. ती दचकली, कॅमेऱ्याला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

आता धुणं. रोल धुवायचं औषध म्हणजे डी-76, त्याची पावडर गावात कुठून मिळणार, कुरिअरने मागवली. गंमत म्हणजे पावडर विरघळवायला पाणी 50 ते 55 डिग्री लागते, एवढं एकच काम आमच्या नळाला थोडंफार जमण्यासारखं. विरघळली की ती काळपट बाटलीत तोंडापर्यंत भरून ठेवायची, उजेड आणि हवा लागली की खराब होते. काळपट काचेची बाटली म्हणजे कोणती? बिअरची. आमचा जिल्हा गांधीजींचा, दारूबंदीचा. जिल्हा परिषदेचा मास्तर भंगारवाल्याकडे जाऊन म्हणतो, भाऊ, बिअरच्या दोन चांगल्या बाटल्या द्या, बुच्चन घट्ट बसलं पाहिजे. भंगारवाल्याने काही विचारलं नाही, पैसेही घेतले नाही, फक्त "कधी लागल्या तर सांगजा मास्तर" एवढं अगदी प्रेमाने म्हणाला. त्याच्यावर कडी म्हणजे रोलच्या डबीचं टोपण काढायला सगळ्यात चांगलं हत्यार बाटलीचं ओपनर. ते घ्यायला मी वीस किलोमीटरवरच्या गावात गेलो.

रोल डबीतून काढून रिळावर गुंडाळायचा आणि ते रीळ धुवायच्या काळ्या डब्यात, त्याला टाकी म्हणतात, ठेवायचं ते पूर्ण अंधारात, चिमूटभर उजेडही चालत नाही. यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा लाइट जायची वाट पाहिली. रोज साडेसातला जाते, त्या दिवशी गेलीच नाही. साडेदहाला गेली तेव्हा मी तुरीच्या पोत्यांच्या खोलीत दाराच्या फटीला गोधडी लावून उकिडवा बसलो. पंखा नाही, हवा नाही, डोळ्यासमोर काही नाही, आणि बोटाला घाम. रिळाला ओलावा लागला की फिल्म अडकते. अर्ध्यावर अडकली. मी काढली, हात पोत्याला पुसले, परत घातली, परत अडकली, कानात एक चिलट, पाठीवर काहीतरी चाललेलं, ते काय आहे हे लाइट आल्यावरही मी पाहिलं नाही. चाळीस मिनिटं लागली. बाहेरून बायको विचारत होती, "अहो, जिवंत आहे ना?" मी म्हटलं दार उघडू नको. ती म्हणाली मी उघडून नाही राहिली, विचारून राहिली.

टाकीचं झाकण एकदा बसलं की मग उजेडाची चिंता नाही. चिंता 20 डिग्रीची. पाणी गरम असलं तर वेळ कमी करून चालते, पण धुवायचा वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की डाग पडतात, आणि फारच गरम झालं तर फिल्मवरचं जिलेटिनच मऊ पडते. माठातलं पाणी मोजलं, 26. कोरड्या हवेत माठ आपल्या परीने जोर करते पण त्याची हद्द तेवढीच. फ्रिजमधला बर्फ लाइट जाऊन येऊन पाणी झालेला. शेवटी रसवंतीवाल्याकडून संध्याकाळी वीस रुपयांचा बर्फ आणून पोत्यात, भुशात गुंडाळून ठेवला होता तो कामी आला. बर्फ औषधात टाकायचा नाही, पातळ होते, बादलीत टाकायचा आणि त्या बादलीत औषधाची बाटली उभी करायची. पहाटे चार वाजता आंगणात मी, एक बादली बर्फाचं पाणी, त्यात दोन बिअरच्या बाटल्या थंड होत असलेल्या. हे चित्र डोळ्यासमोर आणा.

थर्मामीटर 20 वर आलं, मी औषध टाकीत ओतलं, घड्याळ लावलं, साडेसात मिनिटं, दर मिनिटाला टाकी उलटीसुलटी करायची. दोन मिनिटं झाली असतील आणि कुंपणाच्या पलीकडे टॉर्च. शेजारचे काका, वावरात पाणी लावायला निघालेले. त्यांनी टॉर्च आधी बादलीवर मारला, मग बाटल्यांवर, मग माझ्या हातातल्या काळ्या डब्यावर.

"काय मास्तर, काय काढून रायले?"

"फोटो काढून राहिलो काका."

"अंधारात?"

आता साडेसात मिनिटांत निगेटिव्हची सगळी भानगड समजवायची की टाकी हलवायची. मी टाकी हलवली. काका कुंपणाला टेकून निवांत उभे राहिले, त्यांना वाटलं मी चेव आल्यासारखा डबा हलवतो आहे म्हणजे चढलेली आहे. औषध ओतून देऊन मी त्याचं काम थांबवायला व्हिनेगरचं पाणी टाकलं, त्याचा आंबूस वास सुटला, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. मग हायपो, म्हणजे पुढे उजेडाने फिल्म खराब होऊ नये म्हणून टाकायचं औषध. "मोहाची नाही वाटत," ते वास घेऊन म्हणाले, आणि थोडं थांबून, "मले नको, पण उरली तर झाकून ठेवजा. सकाळी पोट्टे खेळतात इथं." फार सभ्य माणूस. अख्ख्या गावात त्याने ही गोष्ट फक्त तिघांना सांगितली.

उजाडल्यावर टाकी उघडली. पट्टी वर ओढली आणि उन्हाकडे धरली, आणि राजेहो, आकृत्या होत्या त्यावर. छोट्या छोट्या, उलट्या रंगाच्या, पण माणसं होती. मी मोरीतच ओरडलो. 36 पैकी 7 पूर्ण काळे, म्हणजे उजेड अति झालेला, चारात नवरदेवाचं डोकं नाही, पण बाकीचे बरे. धूळ नको म्हणून पट्टी मोरीतल्या दोरीला कपड्याच्या चिमट्याने टांगली, खाली वजनाला दुसरा चिमटा, आणि मोरी दोन तास बंद ठेवली, त्यावर घरात जे झालं ते सोडा.

वाळल्यावर सहा सहा फोटोंच्या पट्ट्या कापल्या. आजीचा फोटो असलेली पट्टी घेऊन तिच्याकडे गेलो, म्हटलं खिडकीकडे धरून पाहा. तिने चष्मा सरकवला, पट्टी डोळ्याच्या अगदी जवळ नेली, मग दूर नेली, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं आवडला नाही, चेहरा काळाकुट्ट आणि डोळे पांढरे दिसत असतील, म्हातारीला भ्या वाटलं असेल.

"आजी, हा कच्चा आहे. पक्का केला की बरोबर दिसतो."

"कायले?" ती म्हणाली. "माह्ये केस काळे दिसून रायले ना याच्यात."

"उलटं असते ते. पक्क्यात पांढरेच येतील."

"मंग पक्का नको करू."

पट्टीची तिने दोनदा घडी केली (निगेटिव्हची घडी, मी डोळे मिटून घेतले) आणि चंचीत टाकली, सुपारी आणि चुन्याच्या डबीच्या मधात. त्याच पट्टीवर हळद लागतानाचे नवरदेवाचे दोन फोटो होते, डोक्यासहित. चुलतभाऊ मागच्या आठवड्यात घरी येऊन विचारून गेला, दादा, हळदीचे फोटो कुठपर्यंत आले. आजी खाटेवर बसून पान लावत होती. मी सांगितलं, नागपूरला धुवायला टाकले.