डोळे थोडे सॉफ्ट, म्हणजे पुसट, आले तर फोटो टाकून द्यायचा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, सॉफ्ट आलेले डोळे फोटोशॉपमध्ये शार्प करण्यावरच्या माझ्या लेखाला एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की फोकस चुकला की चुकला, शार्पनिंग मारून गेलेलं डिटेल परत येत नाही, उलट डोळे काचेच्या गोट्यांसारखे दिसतात, तेव्हा फोटो टाकून द्यावा आणि परत काढावा. शिवाय मी लेखात दिलेला हाय पासचा (कडा उठावदार करणाऱ्या फिल्टरचा) रेडियस ३, म्हणजे कडेभोवती किती पिक्सेलपर्यंत परिणाम करायचा तो आकडा, वापरल्यावर तुमच्या फोटोत बुबुळाभोवती पांढरी कड आली.

डिटेलबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. शार्पनिंग मुळात कडेचा कॉन्ट्रास्ट वाढवतं, गडद बाजू अजून गडद, उजळ बाजू अजून उजळ, आणि आपल्या नजरेला रेघ धारदार झाल्यासारखी वाटते. अनशार्प मास्क हे शार्पनिंगच्या एका फिल्टरचं नावसुद्धा फिल्मच्या काळातलं, निगेटिव्हची मुद्दाम पुसट केलेली कॉपी तेव्हा मास्क म्हणून वापरायचे.

पण "परत काढा" हे मला पटत नाही, कारण परत काढता येईलच असं नसतं ना. ज्या फोटोवरून मी हे सगळं शिकलो तो माझ्या आजीचा आहे. ८५ एमएमची लेन्स, एफ १.४, अंतर साधारण दीड मीटर, म्हणजे फुल फ्रेमवर फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम अडीच सेंटीमीटर. ती हसता हसता थोडी पुढे झुकली आणि फोकस कानाजवळच्या पांढऱ्या केसांवर बसला, तिथला एकेक केस मोजता येतो आणि डोळे मात्र सॉफ्ट. आजी आता नाहीये. तसं हसणं मी परत कुठून आणू?

तो फोटो २०० टक्के झूम करून मी सगळ्यात आधी डोळ्यातली चमक बघितली. खिडकीचा चौकोन होता, त्याचे कोपरे विरघळल्यासारखे गोल झाले होते, म्हणजे ब्लर फोकसचाच. ही चमक एका दिशेला रेघेसारखी ओढली गेली असेल तर कॅमेरा किंवा माणूस हललेलं असतं आणि मग हा उपाय फारसा चालत नाही. वरच्या पापणीचे दोन-तीन केस चिकटून एकच काळा ठिपका झाला होता. तो ठिपका मी तसाच ठेवला, केस रंगवले नाहीत. आधी शार्पनिंग न करता उजेडाचं काम केलं, कर्व्ह्जच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या, लेयरने बुबुळाचा खालचा भाग, चमकेच्या समोरचा, अगदी किंचित उजळ केला आणि बाहेरची गडद रिंग थोडी अजून गडद केली. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला हात लावला नाही, काचेच्या गोट्या होतात त्या बऱ्याचदा तो भाग पांढराफेक केल्यामुळेच. एवढ्यानेच नजर जागी झाली, शार्पनिंग त्यानंतर, काळा मास्क टाकून, म्हणजे बाकी सगळीकडे परिणाम झाकून, फक्त बुबुळ आणि पापण्यांच्या कडेवर.

आता तुमची पांढरी कड. तिथे चूक माझी आहे, मी रेडियसचा आकडा दिला पण बुबुळ किती मोठं ते सांगितलंच नाही. माझ्या फाइलमध्ये ते १८० पिक्सेल रुंद होतं, तुमचा फोटो कमरेपर्यंतचा आहे म्हणताय, म्हणजे तिथे बुबुळ ४०-५० पिक्सेलचं असेल, त्याला रेडियस ३ म्हणजे फारच झालं. हाय पासच्या राखाडी प्रिव्ह्यूमध्ये पापण्यांची रेघ नुकती उमटली की थांबायचं. तरीही कड आली तर हाय पास सोडा, स्मार्ट शार्पन (शार्पनिंगचा दुसरा फिल्टर) लावलेल्या फोटोच्या दोन लेयर घ्या, रिमूव्हमध्ये लेन्स ब्लर निवडून, एक डार्कन मोडमध्ये (फक्त गडद कड दिसते) ७० टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे परिणामाच्या जोरावर, आणि दुसरी लाइटन मोडमध्ये (फक्त उजळ कड दिसते) ३० वर, कारण डोळ्याला खुपते ती उजळ कडच. आणि ६००० पिक्सेलचा फोटो २००० ला छोटा करून टाकणार असाल तर ३ पिक्सेलचा ब्लर १ वर येतो, तेव्हा आधी छोटा करून बघा, कदाचित काहीच करायला लागणार नाही.

एआयवाल्या टूल्सबद्दल विचारलंत, ती नवीन पापण्या रेखाटून देतात, छान दिसतात, पण आजीच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे मला नकोत.

लेखातला रेडियसचा आकडा आज काढतोय, त्याजागी बुबुळाच्या मापाचं लिहितो. तुम्ही त्या दोन लेयर करून बघा आणि कड गेली नाही तर बुबुळ किती पिक्सेलचं आहे तेवढं कळवा.