खुलासा : कोलोसियमवरची भोकं गोळ्यांची नाहीत

रोमच्या पायी सहलीचे फोटो टाकताना अनेकजण लिहितात, की कोलोसियमच्या भिंतींवरची भोकं दुसऱ्या महायुद्धातल्या गोळीबाराची आहेत. हे साफ चुकीचं आहे. इ.स. ८० मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूच्या बाहेरच्या भिंतीचे ट्रॅव्हर्टाइन या चुनखडीच्या दगडाचे चिरे चुन्याने नव्हे, लोखंडी आकड्यांनी जोडले होते. मध्ययुगात धातूला मोल होतं, म्हणून लोकांनी दगड फोडून ते आकडे काढून नेले. भिंतीजवळ जाऊन नीट बघा, बरीचशी भोकं दोन चिऱ्यांच्या सांध्यावरच दिसतील. गोळ्या अशा सांधा धरून लागत नाहीत. दक्षिणेकडची बाहेरची भिंतही बॉम्बने नाही, १३४९ च्या भूकंपात कोसळली. तिचे दगड पुढे शहरातल्याच इमारतींना लागले.