‘पूर्ण बॅकअप दिला होता, तरी फोटो गेले’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: जुन्या संगणकात एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवून विंडोज ११ टाकण्यासाठी आपण तो आमच्याकडे दिला आणि सोबत ‘पूर्ण बॅकअप’ असलेली बाहेरची हार्डडिस्कही दिली, दोन दिवस सांगून आम्ही सहा दिवस लावले, संगणक घरी आल्यावर २०२३ नंतरचे फोटो दिसेनात, मराठी फायलींत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू लागली, ५१२ जीबी सांगून ४७६ जीबीची एसएसडी लावल्याचे आढळले, आणि वर ‘डेटा’च्या नावाखाली १,८०० रुपये जादा घेतले गेले. विचारणा केल्यावर ‘बॅकअप तुमचाच अर्धवट होता’ असे उत्तर मिळाले, हेही आपण लिहिले आहे. ते उत्तर ज्या स्वरात दिले गेले, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

दिवसांच्या बाबतीत चूक आमची आहे. जुनी डिस्क तपासण्याआधीच काउंटरवरून ‘परवा घेऊन जा’ असे सांगितले गेले, जे सांगण्याचा आम्हाला काहीही आधार नव्हता. याहून मोठी चूक दुसरी आहे. आपण ‘बॅकअप आहे’ म्हणालात, आम्ही पावतीवर ‘बॅकअप ग्राहकाकडे आहे’ असे लिहून मोकळे झालो, आणि ती डिस्क आपल्यासमोर जोडून, उघडून पाहिली नाही. काम पाच मिनिटांचे होते. बावीस वर्षे हा व्यवसाय करणाऱ्या माणसाला ‘बॅकअप आहे’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक घरी वेगळा असतो हे ठाऊक असायला हवे, आणि मला ते ठाऊक होते. म्हणूनच ही चूक मी काउंटरवरच्या मुलाच्या माथी मारणार नाही.

आता त्या डिस्कवर नेमके काय होते ते सांगतो. आपण विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ ही सोय सुरू केलेली होती. ही सोय चांगली आहे आणि आपण ती सुरू केली होती याचे मला कौतुकच वाटले, परंतु ती संपूर्ण संगणकाची नक्कल करत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे वापरकर्त्याचे नेहमीचे फोल्डर ती ठरावीक वेळाने, म्हणजे आपण ती वेळ बदलली नसेल तर दर तासाला, बाहेरच्या डिस्कवर उतरवते. तेही ती डिस्क जोडलेली असेल तर. आपल्या डिस्कवर ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘सी’ हे एकच फोल्डर होते, म्हणजे संगणकाच्या ‘सी’ या एकाच भागाची (ड्राइव्हची) प्रत होती. ‘डी’ नव्हतेच. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून उतरवलेले सगळे फोटो मात्र आपण ‘डी’ ड्राइव्हवर ठेवत आला होता. शिवाय, फाइल हिस्टरी प्रत्येक फायलीच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ लिहून ठेवते (ती वेळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची असते, त्यामुळे सकाळी अकराला घेतलेली प्रत साडेपाचची वाटते), आणि त्या तारखांपैकी शेवटची तारीख १९ फेब्रुवारी २०२३ ही होती. त्या दिवसानंतर डिस्क बहुधा पुन्हा जोडली गेलीच नाही. विंडोज अशा वेळी एखादी सूचना कोपऱ्यात दाखवते आणि आपण सगळेच ती बाजूला सारतो.

हे आम्हाला कळले ते तिसऱ्या दिवशी, नव्या एसएसडीवर विंडोज टाकून झाल्यावर आणि आपल्या डिस्कवरून फायली परत आणायला घेतल्यावर. सुदैवाने जुन्या हार्डडिस्कला आम्ही हात लावलेला नव्हता. ग्राहकाने कितीही खात्री दिली तरी जुनी डिस्क फॉरमॅट करायची नाही, ती काढून बाजूला ठेवायची, हा आमच्याकडचा नियम आहे आणि या वेळी त्यानेच वाचवले. परंतु ती १ टीबीची डिस्क आजारी होती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तीत वाचता न येणारी आणि निकालात निघण्याची वाट पाहणारी सेक्टर्स (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) शेकड्यांनी दिसत होती. अशा डिस्कवर विंडोजचे दुरुस्तीचे साधन चालवणे किंवा फोल्डर ओढून थेट कॉपी करायला लावणे म्हणजे मोडक्या पायाने जिना चढायला लावण्यासारखे आहे. पुष्कळ घरांत डिस्क कायमची जाते ती याच पायरीवर. आम्ही ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत मिळणारा प्रोग्राम वापरला. तो आधी डिस्कचा धडधाकट भाग वाचून त्याची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढतो, अडलेल्या जागा वहीत टिपून ठेवल्याप्रमाणे बाजूला ठेवतो आणि नंतर पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे वळतो. निरोगी डिस्क असती तर हे काम तीन-चार तासांत झाले असते. आपल्या डिस्कला दोन रात्री आणि एक दिवस लागला. सहा दिवसांचा हिशेब हा आहे.

म्हणून फोटो गेलेले नाहीत. नव्या एसएसडीवर ‘डी’ नावाचा वेगळा ड्राइव्ह आम्ही केला नाही. ‘सी’ ड्राइव्ह उघडल्यावर ‘जुना डी’ या नावाचे फोल्डर दिसेल, त्यात ते सर्व आहेत. पिक्चर्समध्ये आपल्याला जे दिसत आहेत ते केवळ फाइल हिस्टरीतून आलेले, २०२३ पर्यंतचे आहेत. ही गोष्ट आम्ही संगणक न्यायला आलेल्या आपल्या चिरंजीवांना तोंडी सांगितली, कागदावर लिहून दिली नाही, त्यामुळे आपण रिकाम्या जागी शोधत राहिलात. एकूण ३८ फायली मात्र खरोखरच वाचता आल्या नाहीत. त्यांत ३१ छायाचित्रे आणि ७ चित्रफिती आहेत. त्यांची नावे छापून पिशवीतल्या पाकिटात ठेवली आहेत. त्यांपैकी काही मोबाइलवर किंवा नातेवाइकांकडे पाठवलेल्या संदेशांत सापडण्याची शक्यता आहे, तेव्हा ती यादी फेकू नये.

मराठी फायलींचे दुखणे वेगळे आहे आणि त्यात काहीही गमावलेले नाही. आपली पत्रे आणि सोसायटीची इतिवृत्ते श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची आजची प्रमाण पद्धत) रुळण्यापूर्वीच्या या फाँटमध्ये फायलीच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. त्या चिन्हांच्या जागी देवनागरी आकार दाखवण्याचे काम फाँट करतो. फाँट नसला की आतला सांगाडा उघडा पडतो. फाँट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतात आणि फाइल हिस्टरी तिकडे जातच नाही. आपल्याकडील मूळ सीडी घेऊन या, फाँट पुन्हा बसवून देतो. सीडी सापडत नसेल तर या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करून देता येतील, मात्र जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावी लागतील. हिशेबाच्या प्रोग्रामचेही तसेच आहे: फायलींच्या बॅकअपमध्ये प्रोग्राम येत नाहीत, ते नव्याने बसवावे लागतात. त्याचा डेटा आम्ही जुन्या डिस्कवरून आणून ठेवलेला आहे.

४७६ जीबीबद्दल. एसएसडी ५१२ जीबीचीच आहे. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ च्या पटीने मोजते आणि तरीही त्याला जीबीच म्हणते. म्हणून ५१२ चे ४७६ दिसतात, जसे आपल्या बाहेरच्या १ टीबी डिस्कचे ९३१ दिसतात. हा घोळ आमचा नाही, पण दर महिन्याला एखादे गिऱ्हाईक तरी यावरून आमच्याशी भांडते.

१,८०० रुपये जुन्या डिस्कची प्रत काढण्याचे होते. तिसऱ्या दिवशी आम्ही दूरध्वनी केला, आपल्या चिरंजीवांनी ‘करा’ म्हटले आणि आम्ही केले. आपल्यापर्यंत ते पोहोचले नाही हे आता दिसते. लेखी संमतीवाचून घेतलेली रक्कम मी ठेवू इच्छित नाही. ती आपल्याला परत मिळेल. एसएसडी आणि विंडोजची मजुरी मात्र योग्य होती, तीत बदल होणार नाही.

पुढच्या वेळेसाठी एक विनंती आहे. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नये, महिन्यातून एकदा त्यातून एखादी फाइल परत आणून उघडून पाहावी. उघडली तरच तो बॅकअप. ‘जुना डी’ हे फोल्डर पिक्चर्स लायब्ररीत जोडून घेतले की फाइल हिस्टरी त्याचीही प्रत ठेवू लागेल. विंडोज ११ मध्ये ही सोय सेटिंग्जमध्ये सापडत नाही, कंट्रोल पॅनलमध्ये आहे. संपूर्ण संगणक जसाच्या तसा परत हवा असेल तर इमेज, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामांसकट सगळ्याची एकत्र प्रत, घ्यावी लागते, पण विंडोजने काढलेली इमेज मूळ डिस्कहून लहान डिस्कवर उतरत नाही, हे नवी डिस्क विकत घेण्यापूर्वी लक्षात असू द्यावे. वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीला, बॅकअप समजणारेही पुष्कळ आहेत. ते मुळात जुळवणीचे साधन आहे: इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते आणि घरगुती खात्यात तीस दिवसच कचरापेटीत राहते, शिवाय फुकट जागा ५ जीबी, जी आपल्या एका लग्नसमारंभालाही पुरणार नाही.

आणि बाहेरची डिस्क संगणकाच्या शेजारच्या कप्प्यात ठेवू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी उतरल्यावर आमच्याकडे चिखलाने भरलेले सीपीयू रांगेने आले, आणि त्यांतल्या कित्येकांसोबत त्याच कपाटातून काढलेली, तितकीच भिजलेली बॅकअपची डिस्क होती. काहींनी ती वाळवून घरीच जोडून पाहिली होती, आणि मग आम्हाला करण्यासारखे काही उरले नव्हते. एक प्रत दुसऱ्या घरी, निदान वरच्या मजल्यावर, असावी.

पाकिटात आणखी एक कागद आहे, त्यावर आपला ड्राइव्ह उघडण्याची किल्ली म्हणून ४८ आकडे छापलेले आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर आपला ड्राइव्ह कूटबद्ध झाला आहे. उद्या मदरबोर्ड बिघडला आणि एसएसडी दुसऱ्या संगणकात लावावी लागली, तर त्या आकड्यांवाचून आम्हीच काय, कोणीही ती उघडू शकणार नाही. तो कागद दाखल्यांच्या फायलीत ठेवावा.

कालपासून आमच्या पावतीवर दोन नव्या ओळी आहेत: बॅकअप ग्राहकासमोर उघडून पाहिला का, आणि त्यात शेवटची तारीख कोणती आहे. त्याखाली ग्राहकाची सही घेतल्याशिवाय संगणक आत जात नाही.

आपली जुनी डिस्क चंदेरी पिशवीत आपल्याकडे परत दिलेली आहे. सगळे फोटो पाहून होईपर्यंत ती जोडू नये, फॉरमॅट करू नये आणि भंगारातही देऊ नये. तिची आम्ही काढलेली प्रत अजून दुकानातील कुलूपबंद कपाटात आहे. घरगुती फोटोंची प्रत दुकानात पडून राहणे मला योग्य वाटत नाही, पण आपण सांगितल्यावाचून ती पुसणारही नाही. सोमवार वगळता कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर बाहेरची डिस्क आणि श्रीलिपीची सीडी घेऊन यावे; आपल्यासमोर ‘जुना डी’ उघडून दाखवतो, आपली खात्री झाली की आपल्यासमोरच ती प्रत पुसतो आणि १,८०० रुपये हातात देतो.