ते करडू कुठे आहे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि सासूबाईंनाही वाचून दाखवली. त्यात चार दिवस गेले, त्याबद्दल क्षमस्व. मागच्या दिवाळीच्या सुटीत आपण मुलीला घेऊन ठाण्याहून आमच्या शेतावर दिवसाच्या सहलीला आला होतात. तांबूस कानांचे एक करडू तिने दिवसभर कडेवर मिरवले आणि त्याचे नाव ‘लाडू’ ठेवले. ते आता कुठे आहे, असे आपण विचारले आहे. करडे मुलांच्या हाती द्यायची, त्यांचे फोटो दाखवून पाहुणे बोलवायचे आणि पुढे तीच खाटकाला विकायची हा दुटप्पीपणा आहे, वासरे दिवसभर आईपासून लांब बांधलेली असतात, आणि शेतीत भागत नाही म्हणून आम्ही जनावरांचा तमाशा मांडला आहे, असेही आपण लिहिले आहे.

लाडू विकला गेला. तो बोकड होता. आषाढात, श्रावण लागायच्या आठ दिवस आधी, व्यापारी आला आणि त्याच्यासह सहा बोकड टेम्पोत घालून घेऊन गेला. काट्यावर लाडूचे वजन २२ किलो भरले. आखाडात मटणाला गिऱ्हाईक असते आणि श्रावणात ते एकदम बसते, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास जन्मलेले बोकड याच दिवसांत निघतात.

आमच्याकडे २८ संगमनेरी शेळ्या आहेत. ही जात नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली, दूध आणि मांस या दोन्हींसाठी पाळली जाणारी. शेळी पाच महिन्यांची गाभण राहून विते, पुष्कळदा जुळी देते, आणि करडांत निम्म्याच्या आसपास बोकड असतात. कळपाला पैदाशीचा नर एकच पुरतो, आणि तोही आपल्याच लेकींवर जाऊ नये म्हणून दोन वर्षांनी बदलावा लागतो. बाकीचे बोकड विकले नाहीत तर दोन पावसाळ्यांत शेळ्यांचा वाडा आणि चारा दोन्ही अपुरे पडतील. यात मला लपवण्यासारखे काही वाटत नाही. लपवले गेले, हे मात्र खरे आहे: आपल्या मुलीने विचारले तेव्हा आमच्या जाऊबाईंनी ‘तो इथेच मोठा होईल’ असे सांगितले. लहान मुलीचे मन मोडवेना म्हणून त्या बोलून गेल्या, पण ते सांगायला नको होते. आता पाहुण्यांना वाड्यात नेण्यापूर्वीच पाटी (मादी करडे) कोणत्या, बोकड कोणते आणि बोकडांचे पुढे काय होते, हे सांगितले जाते. एक कुटुंब ते ऐकून जेवणापूर्वीच परत गेले. त्यांचे पैसे परत केले.

करडू दिवसभर कडेवर असणे याबद्दल मात्र आपण जितके रागावलात, त्याहून जास्त रागवायला हवे होते. आठ-दहा दिवसांचे करडू थोडे थोडे करून अनेकदा आईला पिते. ते पाच तास माणसांच्या हातांतून फिरले की तेवढे पिणे चुकते आणि आई वाड्यात ओरडत राहते. गुरांच्या डॉक्टरांनी आम्हाला हे पूर्वीच बजावले होते. गर्दीच्या दिवशी आम्ही कानाडोळा केला. आता महिन्याच्या आतले करडू कोणाच्या हाती देत नाही, आणि त्यापुढचेही वाड्यातच खाली बसून, मांडीवर, दहा-पंधरा मिनिटे. नुकत्याच व्यालेल्या शेळीच्या जवळ तर घरच्यांखेरीज कोणी जात नाही, कारण सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) या आजाराचे जंतू वारेतून आणि स्रावातून माणसालाही बाधतात. याच आजारापायी आम्ही धारोष्ण दूधही देत नाही. सासूबाईंचे सगळे बालपण धारोष्ण दुधावर गेलेले, त्यामुळे हा नियम त्यांना अजून पटलेला नाही, पण दूध उकळून त्याच देतात.

आपल्या लिहिण्यात एक गोष्ट आली नाही, ती मीच सांगते, कारण पाहुण्यांपासून जनावराला खरा धोका कोठे असतो ते तिच्यावरून कळते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या गटाने जेवणानंतर उरलेल्या पोळ्या आणि भात प्रेमाने एका शेळीपुढे ठेवला. संध्याकाळी ती रवंथ करीना, दात खाऊ लागली, डावी कूस फुगून आली. एवढे पीठ आणि शिजलेले धान्य एकदम कोठीपोटात गेले की तिथे आम्ल वाढते आणि पोटाचे चलनवलनच थांबते. खाण्याचा सोडा पाण्यातून पाजला, डॉक्टर रात्री नऊला आले, सलाईन लावले. पहाटे ती गेली. तिच्या पोटात दोन करडे होती. त्या पाहुण्यांना आम्ही काही कळवले नाही. पोळी टाकू नका असे आधी सांगायचे काम आमचे होते. आता मुलांच्या हाती सुबाभळीच्या किंवा शेवरीच्या डहाळ्या मोजून देतो आणि उरलेल्या अन्नाचे पातेले थेट स्वयंपाकघरात जाते.

वासरांबद्दल आपण पाहिलेत ते बरोबर, पण अर्धे. आमच्या चारही गायी डांगी आहेत. इगतपुरी, त्र्यंबक, अकोले या पट्ट्यातल्या पावसात टिकणारी ही जात. अंगाला तेलकटपणा असल्याने पाणी निथळून जाते. दूध दोन्ही वेळचे मिळून २-३ लिटर, आणि तेही वासरू सोडल्याशिवाय नाही, कारण त्याने ढुशा दिल्याशिवाय गाय पान्हाच सोडत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ आधी वासरू पिते, मग दोन सडांची धार आम्ही काढतो आणि उरलेले दोन सड त्याचे. व्यालेल्या गायीचा चीक पहिल्या तासा-दोन तासांत वासराच्या पोटात जातो. खरवस त्यानंतर उरलाच तर. मधल्या वेळात वासरू दाव्याला असते, हे खरे आहे. आपण अकरा वाजता आलात आणि चारला निघालात, त्यामुळे आपल्याला दावेच दिसले. गोऱ्ह्यांचा, म्हणजे नर वासरांचा, प्रश्न याहून अवघड आहे: राज्यात २०१५पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे आणि भातखाचरातही आता ट्रॅक्टर फिरतो, त्यामुळे खोंडाला गिऱ्हाईक शोधताना घरातल्या सगळ्यांची दमछाक होते. यंदाचे दोन अजून दावणीला आहेत.

पैशांचे म्हणाल तर माणशी ७०० रुपयांत जेवण, चहा आणि दिवस येतो, आणि त्यातूनच पेंड, औषधे आणि दोन गड्यांची मजुरी निघते. शेतीत भागत नाही हे आपले वाक्य खोटे नाही. तमाशा हा शब्द मला लागला, पण २०२२ साली गुरांचा लम्पी हा त्वचारोग आला तेव्हा आम्ही गणपतीपासून दिवाळीपर्यंत फाटक बंद ठेवले आणि त्या काळातले सगळे आगाऊ पैसे परत केले, यापलीकडे त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

आपल्या मुलीला लाडूबद्दल काय सांगायचे ते आपण ठरवाल. त्याची जुळी बहीण कळपात आहे, कान तसेच तांबूस, आणि पाट असल्याने ती राहणार आहे. पुन्हा यायचे झाले तर दिवाळीनंतरचे तीन आठवडे सोडून यावे. शेळ्या तेव्हा व्यायला आलेल्या असतात आणि यंदा तेवढे दिवस वाडा पाहुण्यांना बंद आहे.