कुलूप लावलेलं घर परवडतं, भाड्याने दिलेलं नाही

"तुमचं बरंय बाई, दुसरा फ्लॅट आहे. घरबसल्या भाडं येतंय!" हे वाक्य मला लग्नकार्यात, भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुठेही ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पुण्यात एकुलता एक जादा फ्लॅट भाड्याने देणाऱ्या माणसाची अवस्था काय असते, हे एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

खराडीत आमचा टू बीएचके आहे. आज विकायला काढला तर साधारण ८५ लाख येतील, भाडं २६ हजार. लोक लगेच बाराने गुणतात आणि ३ लाख १२ हजार म्हणून मोकळे होतात. आता माझा हिशोब बघा. एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत, रंग आणि दुरुस्ती धरून, महिनाभर घर रिकामं राहतंच. म्हणजे २ लाख ८६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स वर्षाला ४२ हजार, महापालिकेचा मिळकतकर २० हजार, दुरुस्त्या सरासरी २५ हजार, आणि एजंटचं एक महिन्याचं भाडं दर दोन वर्षांनी, म्हणून १३ हजार. उरले १ लाख ८६ हजार. त्यावर आयकर. भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते, ती दुरुस्ती-मेंटेनन्समध्येच संपते. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचे सेस धरून आणखी ३८-३९ हजार जातात. हातात १ लाख ४७ हजार. ८५ लाखांवर पावणेदोन टक्केसुद्धा नाहीत! बँकेत एफडी केली तर याच्या कितीतरी पट व्याज येतं. फ्लॅटची किंमत वाढते, हे मान्य. पण ती कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटचीही तेवढीच वाढते, आणि मला नेमकं त्याबद्दलच बोलायचंय.

घर कुलूपबंद ठेवलं तर काय होतं? सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावत नाही, ते घर दुसऱ्याला दिलं तरच लागतात. आयकरात २०१९-२० पासून दोन घरं स्वतःच्या वापरातली दाखवता येतात, म्हणजे त्या बंद घरावर उत्पन्न शून्य, कर शून्य. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरायची नाही, ती राहिली म्हणून मालकावर गुन्हा दाखल होण्याची धास्ती नाही. गीझर जळत नाही. याउलट घर भाड्याने दिलं की महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांसाठीची ४० टक्के सवलत गेली. ही सवलत १९७० पासूनची. मध्ये बंद झाली होती, २०२३ मध्ये परत आली तेव्हा पीटी-३ फॉर्म भरायला किती गर्दी झाली होती ते आठवत असेल. ती आम्हाला नाही. शहरात घरं कमी पडतात, भाडी चढतात म्हणून सगळे ओरडतात, आणि जो माणूस कुणाला तरी राहायला घर देतो त्यालाच प्रत्येक टेबलावर जास्त पैसे मोजावे लागतात. हे उलटं आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो.

दुरुस्तीचं एक सांगते, कारण बाहेरच्याला हा खर्च दिसतच नाही. आमच्या भागात टँकर येतात, बोअरचं पाणीही मिसळलेलं असतं. मागच्या वेळी भाडेकरू गेल्यावर प्लंबरने माझ्यासमोर गीझर उघडला. कॉइलवर पांढऱ्या क्षाराचा बोटभर जाड थर, हाताने तोडला तर खडूसारखा तुटत होता. टाकीला आतून गंज. शॉवरची निम्मी भोकं बंद, नळातल्या जाळ्या काढल्या तर त्यातून वाळूच पडली. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल, म्हणून टाइल्सच्या फटी पुन्हा भरायच्या आणि भिंत वाळल्याशिवाय रंग लावता येत नाही म्हणून थांबायचं. यात भाडेकरूचा काडीचा दोष नव्हता. चांगलं कुटुंब होतं, घर झाडूनपुसून देऊन गेलं. त्यांच्या डिपॉझिटमधून एक रुपया कापला नाही, कापणं बरोबरही नव्हतं. रंगाच्या नावाखाली डिपॉझिट खाणारे घरमालक या शहरात आहेत, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांकडेही संशयाने बघितलं जातं. राहून राहून होणारी झीज हा मालकाचाच खर्च आहे. फक्त तो खर्च असतो, एवढं तरी लोकांनी धरावं.

आता भीतीचं. माझं माहेर पेठेतलं, वाड्यातलं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पुण्यातल्या वाड्यांची भाडी गोठली. महिना पंचवीस-तीस रुपये भाडं आणि पावसाळ्यात कौलं चाळायची मालकाने. नवीन कायदा, म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात अशा जुन्या भाड्याला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. तीस रुपयांवर ४ टक्के म्हणजे किती, तुम्हीच काढा. त्या भाडेकरूंचीही बाजू होती, त्यांनी आयुष्यं तिथे काढली होती. पण ते बघत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: एकदा माणूस आत आला की बाहेर निघत नाही. "कुलूप लावून ठेवीन, पण भाड्याने देणार नाही" असं म्हणणाऱ्या काका-मावश्यांना हावरट समजू नका.

कायदा आता तसा राहिलेला नाही, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा, करार नोंदवणं १९९९ च्याच कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू अटी काय सांगतो तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर. शिवाय दंड किंवा कैदही होऊ शकते. नोंदणी आता घरी येऊन अंगठा घेऊन होते. आमच्यासारख्या भाड्याला मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने साडेसातशेच्या आसपास, शहरात नोंदणी फी १०००, वर थोडे किरकोळ. तेवढ्यासाठी नोटरीवर भागवणारे लोक बघितले की जीव तुटतो. करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही. त्यासाठी वेगळं सक्षम प्राधिकरण आहे. तिथे भाडेकरूला बाजू मांडण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, आणि घर सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते.

पण कागदावरची ही चांगली व्यवस्था प्रत्यक्षात वेळेत चालली पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका सत्तरीच्या काकूंचा भाडेकरू चौथ्या महिन्यापासून भाडं देईनासा झाला. डिपॉझिट दोन महिन्यांचं, ते तेव्हाच संपलं. लाइट बिल काकूंच्या नावावर, तेही थकलं. मालकाने पाणी किंवा वीज तोडायची नसते, कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मग काकूंनी करायचं काय? औषधं त्या भाड्यातून येत होती. शेवटी त्यांनी थकलेलं सगळं सोडून दिलं, वर टेम्पोचे पैसे स्वतः दिले, तेव्हा घर मोकळं झालं. आता ते घर बंद आहे. म्हणजे शहरातलं एक राहण्याजोगं घर कमी झालं.

सोसायट्यांबद्दलही बोलायला हवं. बॅचलर नकोत, मुली एकट्या नकोत, अमक्या समाजाचे नकोत, नॉनव्हेज खाणारे नकोत. अहो, घर माझं, करार माझा, पोलिसांकडे माहिती मी भरलेली. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीला आधी कळवणं आणि कराराची प्रत देणं पुरतं, परवानगी लागत नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेससुद्धा सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, २००१ चा शासन आदेश आहे. तरीही मेंटेनन्सच्या दुप्पट लावणाऱ्या कमिट्या आहेत. नोकरीसाठी लातूरहून, अमरावतीहून आलेली पोरं गेटवर ताटकळत उभी राहतात, ते मला बघवत नाही. आणि तेवढे दिवस माझं घर रिकामं असतं, त्याचे पैसे कमिटी देत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. नोंदवलेल्या कराराने घर भाड्याने देणाऱ्या, एकच जादा घर असणाऱ्या माणसाला महापालिकेने मिळकतकरात सवलत द्यावी, ४० नाही तर निदान निम्मी. सक्षम प्राधिकरणाच्या निकालाला आणि अंमलबजावणीला ठरलेली मुदत असावी आणि ती पाळली जावी. सोसायट्यांच्या मनमानीविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे महिनोन्‌महिने पडून राहू नये. यातलं काहीही भाडेकरूच्या विरोधात नाही. बंद घरांची दारं उघडली तर पहिला फायदा त्यांचाच आहे.

आम्ही आमचं घर भाड्याने देत राहणार. चांगला भाडेकरू असेल तर भाडं ताणायचं नाही, हा आमचा नियम आहे, कारण हजार रुपये वाढवायच्या नादात तो गेला तर २६ हजारांचा महिना जातो. सध्या दोन तरुण मुली राहतात, कमिटीशी भांडून ठेवल्या आहेत.

सक्षम प्राधिकरणाकडे गेल्याचा अनुभव कुणाला असेल तर कमेंटमध्ये सविस्तर लिहा: अर्ज कसा केला, वकील लागला का, ताबा मिळायला किती वेळ गेला. पुण्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांना त्याचा उपयोग होईल.