कोकण न पाहता कोकणातून सायकलवर कसे जावे

मे महिना लागला की प्रत्येक सोसायटीत एकाला तरी कोकण सायकलवरून बघायची हुक्की येते. तुमच्या सोसायटीत असा कोणी सापडत नसेल, तर तो तुम्हीच. लाजू नका. पंचवीस माणसं, एक टेम्पो आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप जमवा. श्रीवर्धन ते गणपतीपुळे, तीन दिवस, सागरी महामार्गानं.

महिना मात्र मेच धरा. डिसेंबरात हवा गार असते, अशा वेळी सायकल कोणीही चालवील. पारा चौतीस-पस्तीसच्या वर फारसा जात नाही, हे ग्रुपवर आवर्जून टाका. नागपूरकडचा एक सभासद हमखास असतो. तो लिहील, ‘पस्तीस? एवढ्यात आमच्याकडे स्वेटर काढतात.’ त्याला बोलू द्या. विदर्भातल्या कोरड्या उन्हात घाम वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. कोकणातल्या दमट हवेत तो वाळायचं नाव घेत नाही, नुसता ओघळतो. हे भूगोलाचं ज्ञान त्याला आधी देऊ नका. सकाळी साडेदहाला तो स्वतःच एखाद्या पोफळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात डोकं घालून बसलेला सापडेल. तेव्हा फोटो काढा.

तयारीत पहिली जर्सी. सरावाला वेळ मिळाला नाही तरी चालतं, जर्सीच्या रंगावर मतदान झालंच पाहिजे. पाठीवर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं छापा. मागून येणाऱ्याला निसर्ग झाकलेला बरा. पंक्चर काढायला शिकू नका. टेम्पोत माणूस आहे, आणि तो टेम्पो तुमच्यापासून कायम वीस किलोमीटर पुढे किंवा मागे असणार आहे.

आता रस्ता. सागरी महामार्ग म्हणजे समुद्राकाठचा सपाट रस्ता, अशी तुमची समजूत असेल तर ती तशीच राहू द्या, नाहीतर माणसं गळतील. प्रत्यक्षात इथं हिशोब असा, की खाडी आली की उतार आणि खाडी संपली की चढ. उतारावर कमावलेलं सगळं पलीकडच्या काठावर व्याजासकट फेडायचं. जांभ्याच्या लाल धुळीत ढकलत नेलेल्या सायकलीला ‘ट्रेक’ म्हणायची सोय आहे, ती वापरा. एखाद्या खळ्यातून आजी हाक मारतील, ‘एस्टी चुकली काय रे?’ हो म्हणा. खरं कारण सांगितलंत, तर त्या पाणी द्यायच्या आधी घरच्यांचा फोन नंबर मागतील.

बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी आहेत. गाड्या, माणसं, कोंबड्या, सायकली, सगळं एकाच फळीवरून आत. दाभोळची फेरी २००३ पासून आहे. ती नसती तर पलीकडं दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणचा वळसा पडला असता. खरं सांगायचं तर अख्ख्या राइडमध्ये कोकण दिसतं ते याच काही मिनिटांत, कारण पॅडल मारता येत नाही आणि ॲपवर वेगही मोजता येत नाही. त्यामुळे ही मिनिटं धोक्याची. पाण्याकडं, सुरूच्या रांगेकडं लक्ष जाऊ लागलं, तर ताबडतोब मोबाइल काढून सरासरी वेग किती घसरला ते पाहा.

बाकी ठिकाणी काळजीचं कारण नाही. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती वर राहील, तुम्ही खालून हात जोडाल, कारण वर चढ आहे. हर्णैला सुवर्णदुर्ग समुद्रात आहे, तो आपण होऊन रस्त्यावर येणार नाही. कुंपणापलीकडं रातांबे लालबुंद झालेले असतील, करवंदं काळी पडलेली असतील. थांबू नका. तुमच्याकडं ऑरेंज फ्लेवरची पावडर आहे.

पुढं दापोलीजवळचं मुरूड. (जंजिऱ्याचं मुरूड वेगळं, बुकिंग चुकून तिथलं करणारा एकतरी निघतोच.) हे महर्षी कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी इथून घाट चढून चालत साताऱ्याला गेले आणि तिथं त्यांना सांगण्यात आलं, की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परीक्षेला बसता येणार नाही. ते चालत परत आले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं, पण त्या चालण्याची कुठं नोंद झाली नाही, ना मेडल ना फिनिशर टी-शर्ट. ही गोष्ट ग्रुपला सांगायची असेल, तर दुपारी तीन वाजता सांगू नका. त्या वेळी अर्धा ग्रुप सायकली टेम्पोवर चढवत असतो आणि उरलेला अर्धा ‘गुडघा बोलतोय’ म्हणत रांगेत असतो.

तिसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याला पोहोचल्यावर मात्र नेतृत्वाची खरी कसोटी लागते. प्रत्येकाला हापूस हवा असतो. कोणी दोन पेट्या घेतो, कोणी मेव्हण्यासाठी चार. टेम्पोचा ड्रायव्हर बिडी विझवून विचारील, ‘साहेब, पेट्या घेऊ का सायकली?’ इथं भावनेच्या आहारी जाऊ नका. पेट्या आत, सावलीत, एकावर एक. सायकली एस्टीच्या पार्सलनं आठवड्यानं आल्या तरी चालतं. त्या पिकून खराब होत नाहीत.